माकडा माकडा, आ कर!

नागपूर-हैदराबाद महामार्गाने, म्हणजे ४४ नंबरच्या रस्त्याने, पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरलात की गाडीच्या काचा वर घ्या. लाल तोंडाची मंडळी केळी लांबूनच हेरतात. एखादा घड गेलाच, तर शिव्या जरा बेताने द्या. याच जातीचं माकड तुमच्या घशासाठी प्रयोगशाळेत तोंड उघडतं.

हेच का? घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू पक्का माणसाळलेला. उंदराच्या घशात त्याला करमत नाही. उंदराला मुळात टॉन्सिलच नसतात. माकडाला असतात, आणि ते आपल्या बंड्यासारखेच लालबुंद होतात! २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच प्रथिनांची 'कॉम्बो ५' नावाची लस याच जातीवर तपासली. घशाची सूज कमी झाली, पण जंतूने मुक्काम काही हलवला नाही. भांडखोर भाडेकरू गप्प झाला, खोली मात्र सोडीना.

डांग्या खोकल्यात तर याहून गंमत. २०१३ साली अमेरिकेत बबून माकडांना नव्या पद्धतीची, जंतूचे निवडक तुकडे घातलेली लस दिली. एकही खोकला नाही! पण जंतू घशात कित्येक आठवडे बसून राहिले आणि शेजारच्या बबूनलाही लागले. अख्खा मेलेला जंतू घातलेल्या जुन्या लशीने ते लवकर हटवले. आपल्या सरकारी दवाखान्यात बाळांना मिळते ती जुनीच, मांडी सुजवणारी. खाजगीत 'पेनलेस' म्हणून मागतात ती नवी. आजारापासून दोन्ही वाचवतात. पण आजीने दंडाला धरून नेऊन टोचवलेली ती सरकारी सुई अगदीच मागासलेली नव्हती म्हणायची.

आता घरचा किस्सा. २०२० साली हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत माकडांवर तपासायची होती. (कोरोना हा विषाणू, जिवाणू नव्हे, पण तपासणी घशाचीच.) हवी होती २० माकडं, आणि ऐन लॉकडाऊनमध्ये ती गायब! रस्त्यावर खायला टाकणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळी रानात पांगलेली. महाराष्ट्राच्या वनखात्याने जंगल पालथं घातलं, तेव्हा नागपूरकडे सापडली. पाच-पाचचे चार गट, १४ दिवसांच्या अंतराने दोन डोस, मग नाकाघशात विषाणू. सातव्या दिवशी लस घेतलेल्यांचे घसे साफ.

आणि त्याच वर्षी, डिसेंबरात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या निर्मलजवळ चिंचोलीला तेलंगणा सरकारने केंद्र उघडलं. कशाचं? माकडं फार झाली म्हणून त्यांच्या नसबंदीचं!

जुन्या पुस्तकांत गोदावरीच्या उत्तरेला लाल तोंडाचं माकड, दक्षिणेला डोक्यावर केसांची टोपीवालं, अशी वाटणी असे. लाल तोंडाच्यांनी नदी कधीच ओलांडली. परदेशी मात्र ती जात नाहीत. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ साली निर्यात बंद केली.

स्ट्रेपची लस अजून बाजारात आलेली नाही. तोवर पोराचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पुरा करा. दुर्लक्ष झालं तर हा जंतू पुढे हृदयाच्या झडपांवर उठू शकतो.