उभ्या गाईचं ऑपरेशन

प्लास्टिक खाल्लेल्या गाईचं पोट उघडतात तेव्हा ती खोड्यात उभी असते, डोळे उघडे, कान हलत असतात. बघ्यांना ते बघवत नाही. ‘माणसाला पूर्ण भूल देता, मग मुक्या जनावरालाच का नाही?’ असं कुणीतरी हटकून विचारतं. विचारणाऱ्याची कळकळ खरी असते, पण त्याचं ऐकलं तर गाय भुलेतच दगावायची भीती असते.

कारण तिचं कोटीपोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात 100 लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि तो सतत आंबत असतो. त्यातून तयार होणारा वायू ती ढेकरांवाटे बाहेर टाकते. बेशुद्ध करून आडवी पाडली की ढेकर थांबतो, पोट फुगतं, त्याचा दाब छातीच्या पडद्यावर येतो आणि श्वास अपुरा पडतो. शिवाय पोटातलं पाणी घशाशी येऊन फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. लाळही गळतच राहते. म्हणून पूर्ण भूल द्यायचीच झाली, तर आधी चारा बंद ठेवावा लागतो आणि श्वासनलिकेत नळी बसवावी लागते. गोठ्यात ही सोय कुठून आणणार?

त्यापेक्षा डाव्या भकाळीची जागा तेवढी बधिर करणं शहाणपणाचं. कोटीपोट त्याच बाजूला असतं. तिथल्या कातडीला आणि स्नायूंना संवेदना पुरवणाऱ्या मुख्य नसा तीन: छातीच्या मणक्यांपैकी शेवटच्या, म्हणजे तेराव्या मणक्यापासची एक आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांपासच्या दोन. त्यांच्यापाशी लिग्नोकेन टोचलं की नसेतले सोडियमचे दरवाजे बंद होतात आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. काही मिनिटांत त्या बाजूची कातडी गरम लागते, स्नायू सैल पडून पाठ किंचित वाकते. सुई टोचून पाहिल्याशिवाय चांगला डॉक्टर सुरी उचलत नाही. पू झालेल्या जागी मात्र हेच औषध नीट चालत नाही; तिथली आम्लता त्याला नसेत शिरू देत नाही.

बुजऱ्या जनावराला शांत करायला झायलाझिन देतात. घोड्याला लागणाऱ्या मात्रेच्या साधारण एक दशांश मात्रेत, तीही वजनाच्या हिशेबात, गाय पेंगते. घोड्याच्या हिशेबानं गाईला टोचणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत तर ते टाळलेलंच बरं, कारण त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

इथपर्यंत विज्ञान चोख आहे. आपली हयगय सुरू होते ती टाके पडल्यावर. लिग्नोकेनचा असर तास-दीड तासात ओसरतो; जखम मात्र पुढचे कित्येक दिवस ठणकते. गाय ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही, असं आपण सोयीनं धरून चालतो. वाघाच्या जबड्यात जाणाऱ्या वंशातली ती. दुबळेपण लपवणं तिच्या रक्तात आहे. रवंथ मंदावणं, दात खाणं, कान मागे पडणं, कळपापासून दूर उभं राहणं ही तिची दुखण्याची भाषा. दुखणाऱ्या गाईचा चारा आणि दूध कमी होतं, हे मालकालाही कळतंच.

वेदनाशामकाची निवडही जपून करायला हवी. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, तोवर भारतातल्या गिधाडांचे थवेच्या थवे संपले होते. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली; 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही आली. असेक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरातच डायक्लोफेनॅक होतं. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलेलं आहे आणि गाईच्या अंगात दिवसभर टिकतं. ते चिरा देण्याआधीच टोचलं तर अधिक चांगलं. एकदा मज्जारज्जू चेतला की पुढचं दुखणं आवरणं अवघड जातं.

म्हणून ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: वेदनाशामक कोणतं आणि किती दिवस देणार, आणि तेवढे दिवस दूध डेअरीला घालायचं की नाही? घरातली गोळी मात्र कुठल्याच जनावराला देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.