विमानाचं नाक कधी आणि किती उचलायचं?

नंदाखालहून मी पुन्हा तुमच्या कानात. एकाने विचारलंय, "टेकऑफला पायलट स्टिक जोरात खेचतो, म्हणून विमान उडतं ना?"

नाही हो. स्टिक मागे घेतली की शेपटीवरचे एलिव्हेटर वर वळतात. हवा शेपटीला खाली दाबते आणि मुख्य चाकांवर सीसॉसारखं टेकून नाक वर येतं. हेच रोटेशन. नाक उचललं की पंखांचा हवेशी कोन वाढतो, उचल वाढते, चाकं सुटतात.

हे करायचं ठरलेल्या वेगाला, सेकंदाला साधारण 3 अंश या गतीने. रेंगाळलात तर धावपट्टी संपत जाते. घाई केलीत तर पंखांना पुरती उचल मिळालेली नसते; चाकं जमिनीवरच राहतात आणि शेपूट घासते.

पुण्याचंच बघा. 15 फेब्रुवारी 2020. दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं एअरबस ए-321 ताशी सुमारे 220 किलोमीटरने धावत होतं. तेवढ्यात धावपट्टीवर जीप आणि माणूस! पायलटने वेळेआधीच नाक उचललं. हे विमान साडेचव्वेचाळीस मीटर लांब. चाकं टेकलेली असताना नाक 10 अंशांच्या आसपास गेलं की शेपूट जमिनीला लागू शकते. इथेही विमानाच्या मागच्या भागावर घासल्याच्या खुणा सापडल्या. पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं.

मग पायलट चुकला का? मला नाही वाटत. शेपूट दुरुस्त करता येते, माणूस नाही.

पुढच्या वेळी खिडकीशी बसलात की नाक उचलताना सेकंद मोजा. चार-पाच भरतील. घाई नाहीच!