स्वायत्त मज्जाविकार आणि निद्रातपासणी

हृदयाचे ठोके, रक्तदाब व पचन यांचे नियमन स्वायत्त मज्जासंस्था करते. दीर्घकालीन मधुमेहात ती दुर्बळ होऊ शकते. मग उभे राहताच भोवळ येते. अशा रुग्णाचा दिवसाचा थकवा मूळ आजाराचाच मानला जातो. वस्तुतः झोपेत वारंवार श्वास अडणे हेही त्याचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. निद्रातपासणीत रात्रभर मेंदूलहरी, श्वास, रक्तातील प्राणवायू व हृदयगती यांची नोंद होते. श्वास किमान १० सेकंद थांबण्याच्या वा उथळ होण्याच्या घटना तासाला ३० वा अधिक असल्यास विकार तीव्र ठरतो. कागलवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर चालकाची एक डुलकीही प्राणघातक ठरू शकते. म्हणून घोरणे व दिवसा पेंग येणे डॉक्टरांना अवश्य सांगावे, अशी आमची नम्र विनंती आहे.