प्रत्यारोपणानंतरचा खोकला: जंतू की औषध?

संकल्पना
प्रत्यारोपित मूत्रपिंडाला शरीर परके समजते. ते नाकारले जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यांपैकी सिरोलिमस आणि एव्हरोलिमस यांमुळे काही रुग्णांच्या फुप्फुसांत जंतूंवाचून दाह होतो. हाच औषधजन्य फुप्फुसदाह.

औषधाचे मूळ
सिरोलिमस हे ईस्टर बेटावरील मातीत सापडलेल्या जिवाणूचे द्रव्य. सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी ते कॅनडात वेगळे केले. आरंभी त्याचा अभ्यास बुरशीनाशक म्हणून झाला. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली.

लक्षणे
वायुकोशांत लसिकापेशी साचतात आणि प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. कोरडा खोकला, ताप, थकवा आणि श्रमाने लागणारी धाप ही लक्षणे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा वर्षांनीही दिसू शकतात.

निदानातील गुंता
चंद्रपूर-गडचिरोलीत कोळशाची धूळ आणि चुलीचा धूर ही खोकल्याची परिचित कारणे आहेत. त्यात प्रतिकारशक्ती दडपलेली असल्याने क्षयरोगाचा धोकाही वाढतो; म्हणून पहिला संशय संसर्गावर जाणे योग्यच. थुंकीची तपासणी, सीटी स्कॅन आणि गरजेनुसार श्वासनलिकेतील दुर्बिणीची तपासणी करून संसर्ग वगळला, की औषधाकडे बोट वळते. औषधाची रक्तातील पातळी योग्य असली, तरी दाह नाकारता येत नाही.

उपचारांतील विरोध
दाह असल्यास ते औषध थांबवून दुसरे द्यावे लागते. बहुतेकांची फुप्फुसे काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतात. क्षयरोग असल्यास त्यावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे सिरोलिमस आणि प्रतिकारशक्ती दडपणारेच टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी घसरते व मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका वाढतो. पर्यायाची व्यवस्था न करता औषध सोडण्यातही हाच धोका असतो. म्हणून दोन्ही प्रसंगी निर्णय प्रत्यारोपण तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो.

अंतराची मर्यादा
प्रत्यारोपण तज्ज्ञ असलेले नागपूर चंद्रपूरहून सुमारे दीडशे किलोमीटर, तर गडचिरोलीतील भामरागडहून तीनशेहून अधिक. त्यामुळे अशा रुग्णाचा खोकला बहुधा प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचतो. तेथे सीटी स्कॅन नसला, तरी चालू औषधांची नावे, मात्रा आणि सुरुवातीच्या तारखा असलेला कागद पाहता येतो. संसर्गाबरोबर औषधाचाही संशय घेण्यास तेवढे पुरेसे असते.