शेअर बाजार की सोसायटीची गळकी गच्ची?

नवा ब्लॉग काढायला निघालेल्याला पहिला सल्ला हमखास मिळतो: कर्ज, विमा नाहीतर शेअर बाजार धर, जाहिरातीचा भाव तिथेच आहे. यात अर्धे सत्य आहे. इंटरनेटवरच्या जाहिरातींचा भाव लिलावात ठरतो आणि एका ग्राहकामागे हजारोंची कमाई करणारी विमा कंपनी साबणवाल्यापेक्षा चढी बोली लावते. पण ही बोली वाचकावर असते, लेखाच्या विषयावर नाही. कर्ज घ्यायलाच निघालेला माणूस शोधाच्या पहिल्या पानावर बँका आणि तुलना करणाऱ्या बड्या संकेतस्थळांच्या हाती लागतो. नवख्याच्या वाट्याला उरतो तो नुसती उत्सुकता असलेला वाचक, आणि त्याला लिलावात फारशी किंमत नसते. शिवाय पैसा आणि आरोग्य या विषयांत लिहिणाऱ्याचा अनुभव आणि विश्वासार्हता गूगल जास्त काटेकोरपणे तपासते, आणि मोबदला घेऊन शेअर्सचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. दुसऱ्या शब्दांत, सर्वांत महाग भासणाऱ्या विषयांत शिरण्याचा खर्चही सर्वांत जास्त असतो.

विषय पारखायची कसोटी माझ्या मते वेगळी हवी. प्रश्न कुणाला पडतो, किती वेळा पडतो आणि चुकीच्या उत्तराने त्याचे किती नुकसान होते? या कसोटीवर एक अगदी रुक्ष वाटणारा विषय घेऊन पाहू: सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपली रोजची सोसायटी. फ्लॅट भाड्याने दिला की समिती नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाहीत, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. सेवाशुल्क २,००० रुपये असेल तर फार तर २०० रुपये. फ्लॅटमध्ये मालकाचे आईवडील किंवा मुलगी राहत असेल तर तेही नाहीत. हे ठाऊक नसलेला सभासद वर्षानुवर्षे जास्त भरतो, आणि ठाऊक नसलेला सचिव वार्षिक सभेत शिव्या खातो. दोघेही रात्री अकराला मोबाईलवर हाच प्रश्न शोधणार.

इतका चिंचोळा विषय चार महिन्यांत संपेल, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. प्रत्यक्षात उलट घडते. मार्चअखेर हिशेब, जूनपासून गच्चीची गळती, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, मधूनमधून थकबाकीदार, पार्किंग आणि निवडणूक. विषयाला स्वतःचे पंचांगच आहे. त्यात कायदा बदलतो: २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले आणि त्याच वर्षी पुनर्विकासाच्या ७९(अ) खालच्या सूचनाही नव्याने निघाल्या. जुने लेख रद्दीत गेले, नव्यांना वाव मिळाला. वाचक तरी कितीसे, असेही विचारले जाते. महाराष्ट्रात अशा संस्था लाखाहून अधिक आहेत आणि समितीची मुदत पाच वर्षांची, त्यामुळे अनभिज्ञ पदाधिकाऱ्यांची नवी तुकडी कायम येतच राहते. मुळात मराठीत एकाच विषयाला वाहून घेणे ही काही नवी गोष्ट नाही. २००५ पासून ‘ॲग्रोवन’ हे फक्त शेतीचे दैनिक रोज निघते आहे.

‘आवड असली की बाकीचे आपोआप होते’ हे वाक्यही तपासून घ्यावे. प्रवासाची आवड असणाऱ्याच्या प्रत्येक लेखामागे तिकीट आणि हॉटेलचा खर्च असतो. सोसायटीवर लिहिणाऱ्याला उपविधी आणि शासन निर्णय पुरतात. आवड नको असे नाही, उपविधी वाचताना जांभया येणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. पण आवडीने सुरुवात होते, टिकवून धरतो तो पुढच्या लेखाचा परवडणारा खर्च. स्पर्धेचेही असेच आहे. एखाद्या विषयावर कुणीच लिहीत नसेल तर बहुधा कुणी विचारतही नाही. पाचसहा जण लिहितात पण अर्धवट, शिळे किंवा फक्त इंग्रजीत, अशी जागा जास्त चांगली.

मराठीत पैसा नाही, या तक्रारीत जाहिरातींपुरते तथ्य आहे. हजार वेळा पान उघडले गेले की शंभर रुपये मिळतात असे धरले, तर महिना २०,००० रुपयांसाठी दोन लाख वाचने हवीत, आणि ॲडसेन्स तर खात्यात शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे पाठवतच नाही. सोसायटीचा विषय इतक्या गर्दीवर अवलंबून नाही. सभेची नोटीस, इतिवृत्त, थकबाकीची पत्रे यांचे तयार नमुने शेदोनशे रुपयांना घेणारा सचिव आहे. नव्या समितीसाठी दोन तासांचा वर्ग घेता येतो. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार थेट जाहिरात देतो, मात्र ती जाहिरात आहे हे वाचकाला स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर पुढच्या वेळी वाचकही नाही आणि ठेकेदारही नाही.

सगळ्यात ताजा आक्षेप यंत्राचा. २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल भारतात शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला सारांश दाखवते, मग पान उघडेल कोण? ‘वार्षिक सभा कधी घ्यायची’ एवढ्याच प्रश्नावर जगणारी पाने खरोखरच मार खातील, ती वाचवण्यात अर्थही नाही. पण गणपूर्ती न झाल्याने तहकूब झालेल्या सभेत मंजूर केलेला गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च, त्यावर हरकत घेणारे दोन सभासद आणि निबंधकांकडे जाणारा अर्ज, हे प्रकरण क्रमाने, नमुन्यांसकट मांडून दाखवणारे पान सचिवाला उघडावेच लागते, कारण तो अर्ज त्याला उद्या सकाळी द्यायचा असतो.