उसातली चवळी कोणासाठी?

२००२ सालच्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या उसावर एक नवी कीड दिसली. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत, कापूस चिकटवावा तसा पांढरा थर. हा लोकरी मावा. बंगाल आणि ईशान्य भारतात तो आधीपासून होता, आपल्याकडे मात्र नवखा. बघता बघता तो सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकात पसरला. माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते.

डोक्यापेक्षा उंच उसात पाठीवर पंप घेऊन शिरायचे कसे? तरीही फवारण्या झाल्या. पण पुढच्या दोन-तीन हंगामांत मावा ओसरला त्याचे मोठे श्रेय जाते ते किड्यांनाच. डिफा नावाच्या पतंगाची अळी (शेतकरी तिला कोनोबाथ्रा म्हणत) माव्याच्या थरातच रेशमी जाळे विणून राहते आणि मावा खाते. दुसरा मायक्रोमस, जाळीदार पंखांचा तपकिरी किडा. डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून दुसऱ्या फडात नेऊन ठेवावीत, अशी शिफारस तेव्हा केली जात होती. जिथे फवारा पडला तिथे मित्रकिडेही मेले, हे ओघाने आलेच.

या प्रसंगात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भक्षक नेहमी भक्ष्याच्या मागून येतो. मधल्या काळात नुकसान होते. मग कीड येण्याआधीच भक्षकांची सोय शिवारात करून ठेवता येईल का? आंतरपिकाचा कीटकशास्त्रातला अर्थ इथे सुरू होतो.

सरीत ऊस आणि वरंब्याच्या बगलेला चवळी, असे रान डोळ्यांसमोर आणा. चवळीवर काळा मावा हमखास येतो. हा मावा उसावर जगत नाही, म्हणून उसाला त्याची भीती नाही. पण ढालकिडे (लेडीबर्ड) आणि क्रायसोपा यांना तो मेजवानीच. ते तिथे अंडी घालतात, त्यांची दुसरी पिढी तिथेच वाढते. शिवाय किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या चिमुकल्या गांधीलमाश्यांना प्रौढपणी मध लागतो. उसाच्या नुसत्या पानांत तो कुठला? कोथिंबीर फुलावर येऊ दिली तर तिच्या उघड्या, उथळ फुलांतला मध त्यांना सहज मिळतो.

अमेरिकेतल्या रिचर्ड रूट या शास्त्रज्ञाने १९७३ साली कोबीवर्गीय पिकाच्या अभ्यासातून दोन कारणे मांडली. एक वर आलेच : मिश्र पिकात शत्रू जास्त टिकतात. दुसरे असे की, एकाच पिकाचे सलग रान किडीला सहज सापडते आणि ती तिथेच मुक्काम ठोकते. पिके मिसळली की तिचा शोध लांबतो.

म्हणून काहीही कशातही मिसळावे असे नाही. मका घ्या. भाजीच्या प्लॉटभोवती कडेने मका उत्तम. पण तो उसाच्याच गवतकुळातला, आणि त्याच्यावरचा मावा उसात मोझॅक रोगाचे विषाणू पसरवतो. तूर आणि हरभरा दोन्हींवर घाटेअळी एकच. उलट टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ, ही बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेची शिफारस विचार करून केलेली आहे. त्याच अळीची मादी झेंडूच्या कळ्या-फुलांकडे ओढली जाते आणि तिथेच अंडी घालते. मात्र टोमॅटोची रोपे लावताना झेंडूचे रोप वयाने मोठे असावे लागते, नाही तर फुले उशिरा येतात आणि सापळा रिकामा राहतो.

मर्यादाही सांगायला हवी. आडसाली उसातले भुईमूग, सोयाबीन तीन-चार महिन्यांत निघते, नंतर ऊस दाटतो. लोकरी मावा जोर करतो तो पुढच्या पावसाळ्यात, उंच उसावर. तेव्हा त्याच रानातली चवळी त्याला रोखील असे मानणे भाबडेपणाचे होईल. तिचा उपयोग कोवळ्या उसाच्या काळात, आणि गावाच्या शिवारात मित्रकिड्यांचे बीज टिकवण्यासाठी. पण चवळीवरचा मावा पाहून घाबरून तिच्यावरच औषध मारले, तर तेही गेले. शेतकऱ्याला पटवायला सर्वांत अवघड तेच आहे. एक कीड मुद्दाम राहू द्यायची!

शाळेच्या बागेत हे मुलांना दाखवता येते. चवळीच्या पाच वेलांना दोरे बांधून खुणा करा. दर आठवड्याला, त्याच वेळी, प्रत्येक वेलाच्या तीन शेंड्यांवरचा मावा आणि ढालकिड्याच्या अळ्या मोजायला सांगा. अळी ढालकिड्यासारखी दिसत नाही : काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, जणू इवलीशी सुसर. मुले तिलाच कीड समजून चिरडतात, तेवढे आधी सांगून ठेवा. दोन रकान्यांतले आकडे सहा आठवड्यांनी आलेखावर मांडले, की कोणती रेघ आधी चढते आणि दुसरी किती दिवसांनी तिला गाठते ते वर्गात सगळ्यांना दिसेल.