पाणी वांचविणारी बाग आणि तिचा खर्च

आपल्या धर्मग्रंथांत लोकांकरितां विहिरी, तळीं, देवालयें व बागा करण्यास ‘पूर्त’ असें नांव आहे. विहीर आणि बाग या दोघी तेथें एकाच पंक्तीस बसविल्या आहेत, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे; कारण व्यवहारांत त्या एकमेकींच्या सवती होत. पाण्याचा तुटवडा पडला कीं, पहिली गदा बागेवर येते. हें सवतीमत्सराचें भांडण मिटविण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत कांहीं संस्थांनीं मिळून केला. आपल्या गांवची एखादी सार्वजनिक बाग उजाड होतांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस त्याची हकीकत उपयोगी वाटेल.

कॅलिफोर्नियाच्या अगदीं दक्षिणेस सॅन दिएगो हा प्रदेश आहे. समुद्र उशाला असूनही तेथें पाऊस वर्षास सुमारें १० इंच. १९९१ च्या सुमारास तेथील पाण्यापैकीं शेंकडा ९५ भाग एकाच मोठ्या घाऊक पाणीसंस्थेकडून विकत येत असे. १९८७ पासून १९९२ पर्यंत कॅलिफोर्नियांत सतत सहा वर्षें अवर्षण पडलें आणि १९९१ त या पुरवठ्यांत ३१ टक्के कपात झाली. दुसऱ्याच्या घागरीवर संसार करणाराची काय त्रेधा उडते, हें आमच्या भगिनींस सांगावयास नकोच. त्यांतून तिकडे घरगुती पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग अंगणांतील झाडें व हिरवळ यांवर खर्च होतो. दारापुढें हिरवी लॉन नसणें हें तिकडे सडारांगोळी नसण्याइतकेंच उणें मानीत.

अशा वेळीं हेलिक्स व ओटाय या दोन पाणीपुरवठा संस्था आणि एल कहोन येथील क्वियामका कॉलेज यांनीं एक विचार मनांत घेतला. लोकांस नुसतें ‘पाणी जपा’ म्हणून उपयोग नाहीं. कमी पाण्यांतही अंगण शोभिवंत राहतें, हें त्यांस डोळ्यांनीं दाखविलें पाहिजे. पुढें सॅन दिएगो शहर, जिल्ह्याचें जलप्राधिकरण आणि स्वीटवॉटर ही आणखी एक पाणीसंस्था त्यांस मिळाल्या व १९९९ त कॉलेजच्या आवारांत पांचसहा एकरांची बाग लोकांकरितां खुली झाली. हिरवळीचा तुकडा आणि थोड्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांचा तुकडा यांची तुलना तेथें करून दाखविली होती. ठिबक नळ्या, मुळांवर पालापाचोळ्याचें आच्छादन, घरच्याघरीं केलेलें खत, हेंही सर्व प्रत्यक्ष मांडलें होतें. (ही विद्या मूळ डेन्व्हरची. त्या शहराच्या पाणीखात्यानें १९८१ त ‘झेरिस्केप’ हा शब्द घडविला. ग्रीक भाषेंत ‘झेरॉस’ म्हणजे शुष्क.)

आतां वाचक विचारतील, पाणी विकणारानेंच कमी विकत घ्या म्हणून सांगावें, हा कोठला व्यापार? उत्तर सरळ आहे. नवें धरण बांधून किंवा दूरच्या नदीचें पाणी आणून जो थेंब मिळतो, त्याहून वांचविलेला थेंब बहुधा स्वस्त पडतो. पाणीसंस्थांचा तो स्वार्थच होता. कॉलेजलाही उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांकरितां चालतें बोलतें पुस्तक हवें होतें. त्यानें जागा दिली. ज्याचा त्याचा स्वार्थ उघड सांगितलेला असला कीं भागीदारी टिकते, असें आमचें मत आहे. केवळ परोपकारावर उभी केलेली संस्था पहिल्या वर्गणीनंतर बसते.

तथापि खरी कसोटी पुढेंच आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणें सार्वजनिक संस्थांस एकत्र येऊन संयुक्त मंडळ स्थापितां येतें. तसें मंडळ या बागेचें होतें. परंतु अवर्षणांत हात सैल सोडणारे सभासद पाऊस पडतांच हिशेब विचारूं लागतात, हा अनुभव कोठलाही असो, सारखाच. कोनशिलेस देणगीदार मिळतो. कुदळीस मिळत नाहीं. माळ्याचा पगार, फुटलेली नळी, तण, यांवर कोणाचें नांव कोरतां येणार? म्हणून पुढें ‘बागेचे मित्र’ अशा अर्थाच्या नांवाची एक धर्मादाय संस्था कारभारास लागली. सभासदांची वर्गणी, रोपांची विक्री, शाळांच्या सहली, लग्नसमारंभांस जागेचें भाडें, अशा बारीक धारा तिनें जोडल्या. लग्नास बाग भाड्यानें देणें कित्येकांस रुचणार नाहीं. आम्हांस त्यांत कांहीं गैर दिसत नाहीं, मात्र मांडवाच्या खांबांनीं ठिबकनळ्या फुटूं नयेत!

आपल्या देशांतही याच जातीचें एक उद्यान आहे. २००९ त बेंगळुरांत पावसाचें पाणी सांठविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. पण छपराचें पाणी जिरवावयाचें कसें, हें घरमालकास दाखविणार कोण? तेथील पाणीपुरवठा मंडळानें कर्नाटकाच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचें साहाय्य घेऊन जयनगरांत निरनिराळ्या रीतींचे नमुने उभारले आणि त्या उद्यानास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें नांव दिलें. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकले, आणि त्यांनीं शोधून काढलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ त प्रथम बसले ते खडकवासल्याच्या धरणावर. आमच्या गांवांतून अशी बाग कोणीं काढावयाची ठरविल्यास जमीन नगरपालिकेची, देखरेख शाळेची, हें सहज जुळेल. करारांत पहिलें कलम मात्र तिसऱ्या वर्षींच्या माळ्याच्या पगाराचें घालावें.